सुरणवाली इझाबेल

इझाबेल माझी चुलत जाऊ. तिचा नवरा फर्डिनंड आणि माझा नवरा सख्खे चुलत भाऊ. आमची दोन्ही घरं गास गावात समोरासमोर, मध्ये फक्त विहीर. तेव्हा मी सांगते ते ऐकीव नाही, हे आधीच बजावून ठेवते. आमच्या आळीत इझाबेलबद्दल प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असतं आणि त्यातल्या निम्म्यांना काडीचं माहीत नसतं.

आणखी एक. आम्ही घरात जी बोली बोलतो ती मी तशीच्या तशी लिहिली तर रेल्वेच्या रुळांपलीकडच्या माणसाला एक अक्षर कळायचं नाही. म्हणून इझाबेलचं बोलणं सगळ्यांना समजेल अशा मराठीत लिहिते. फक्त वाचताना तिचा आवाज मनातल्या मनात जरा वाढवून घ्या, कारण ती हळू बोललेली मी कधी ऐकली नाही.

तिला सुरणवाली म्हणायचे. आमच्याकडे केळी सगळेच लावतात, पानवेल लावतात, भाजी करतात. सुरणाच्या नादी लागायला मात्र डोकं थोडं फिरलेलं लागतं. सुरणाचं पिल्लू, म्हणजे मोठ्या गड्ड्याच्या अंगाला फुटलेली छोटी गाठ, यंदा लावली की दिवाळीनंतर खणून काढायची, सावलीत जपून ठेवायची, पुढच्या मे महिन्यात पुन्हा लावायची. ती थोडी मोठी होते. पुन्हा खणा, पुन्हा जपा, पुन्हा लावा. असं करत करत चौथ्या वर्षाला तो दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा गड्डा होतो. चार वर्षं एका गाठीची उठबस करायची आणि वर तिची खाज अंगावर घ्यायची. मला कोणी सोनं दिलं तरी मी करणार नाही. इझाबेल सासरी आल्यापासून करत होती.

बाजारात ती बसली की तिच्या सुरणावर उड्या पडायच्या, पण तिच्याशी बोलायला गिऱ्हाईक दबकायचं. तिचा स्वभाव असा की खोटं बोलणं तिला जमायचंच नाही. दुसरी बाई म्हणेल, घ्या ताई, लोण्यासारखा शिजतो. ही म्हणायची, "हा खाजरा आहे. चिंच जास्त घालायची तयारी असेल तर ने, नाहीतर राहू दे." माझ्या मुलीच्या लग्नात सगळ्या बायका साडी बघून वा वा करत होत्या, तेव्हा ही म्हणाली, रंग पोरीला शोभत नाही. मी दोन महिने तिच्याशी बोलले नाही. पण खरं सांगायचं तर तो रंग तिला शोभत नव्हताच.

फर्डिनंड गेला तो दिवाळीच्या तोंडावर, सुरण खणायच्या दिवसांत. त्याने लावलेली शेवटची रांग वाडीच्या मागच्या अंगाला होती. इझाबेलने बाकी सगळं खणलं, ती रांग तशीच ठेवली. पुढच्या वर्षीही ठेवली. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "राहू दे ती, मला काही जड झाली नाही." मग मी पुन्हा विचारलं नाही. सुरण वर्षानुवर्षं जमिनीत राहिला की कधीतरी पावसाच्या आधी त्याला फूल येतं. पान नाही, देठ नाही, जमिनीतून एकदम फूलच. आणि ते उमललं की जी घाण सुटते ती काय सांगू, मेलेली घूस बरी. म्हणून इझाबेल मे महिन्यात त्या रांगेवर नजर ठेवायची. कळा दिसला रे दिसला की कोयत्याने उडवायची आणि खड्ड्यात पुरून टाकायची.

आता रॉकीचं सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच अडली होती.

रॉकी तिचा एकुलता एक. अंधेरीला नोकरी करायचा. तिथेच त्याला क्षितिजा भेटली. तिचं घर नालासोपाऱ्यात, दोन खोल्यांचा फ्लॅट, मूळचे साताऱ्याकडचे. पोरगी चांगली, शिकलेली, बोलायला मऊ. पण हिंदू. दोघांनी अठ्ठ्याण्णव साली कोर्टात लग्न केलं. रॉकी घरी सांगायला आला तेव्हा मी तिथेच होते. इझाबेल सूप घेऊन तांदूळ पाखडत होती, ती थांबली नाही. म्हणाली, "ज्या लग्नाला देवळात फादरांचा आशीर्वाद नाही ते मी लग्न मानत नाही. तुझं घर आहे, तू ये. ती या उंबऱ्याच्या आत येणार नाही." रॉकी म्हणाला, "मग मी पण येणार नाही." आणि दोघंही एकाच मातीचे, त्यामुळे दोघांनी शब्द पाळला. नालासोपारा गासपासून किती लांब, सायकलवरून गेलं तरी घाम येत नाही. पण दोन नाताळ गेले, रॉकी आला नाही. नाताळच्या दिवशी ही बाई एकटीच जेवायला बसायची. मी बोलवायला गेले तर म्हणायची, माझ्या घरात अन्न आहे. मला तिचा राग यायचा आणि घरी येऊन रडूही यायचं.

दोन हजार साली एप्रिल संपता संपता ती विहिरीच्या ओट्यावर घसरली आणि उजवा हात मनगटात मोडला. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. मी तिला न विचारता रॉकीला फोन केला. विचारलं असतं तर तिने नको म्हटलं असतं, मग विचारायचं कशाला? संध्याकाळी रॉकी आला, आणि त्याच्यामागून हातात पिशव्या घेऊन क्षितिजा आली. इझाबेल दारातच उभी होती. मी देवाचं नाव घेतलं. ती बाजूला झाली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पॉलिन, यांना सांग, प्लास्टर निघेपर्यंत. निघालं की ज्याने त्याने आपल्या घरी जायचं."

प्लास्टर जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचं होतं. मला पक्कं ठाऊक होतं, आता ही पोरगी या घरातून परत गेली तर रॉकी पुन्हा पाऊल टाकणार नाही. तो तसं मला विहिरीवर बोललाही होता. "काकी, एकदा आईने तिला उंबऱ्याबाहेर ठेवलं. आता परत पाठवलं तर पुन्हा मी तिला आणणार नाही." एवढ्या दिवसांत काय ते व्हायचं होतं.

आणि व्हायचं कसं? इझाबेल तिच्याशी बोलतच नव्हती. रॉकी सकाळी कामाला जायचा, घरात या दोघी, आणि निरोप्या मी. माझी भाकरी तव्यावर असायची आणि समोरून हाक यायची, "पॉलिन, ये जरा." मी जायची. क्षितिजा तिच्यापासून दोन हातांवर उभी असायची. इझाबेल म्हणायची, "तिला सांग, भातात मीठ कमी आहे." मी म्हणायची, "ऐकलंस ना बाई?" ती म्हणायची, "हो काकी. आई, उद्यापासून जास्त घालते." त्या "आई"ला कधी ओ मिळाली नाही.

मे म्हणजे सुरण लावायचे दिवस. इझाबेलचा हात गळ्यात अडकवलेला, मजूर मिळेना. क्षितिजा म्हणाली, मी लावते. तिने आयुष्यात कुदळ धरलेली नव्हती, ते पहिल्याच घावाला दिसलं. इझाबेल खुर्ची टाकून वाडीत बसली आणि मी उन्हात मध्ये उभी. "तिला सांग, खड्डा उथळ झाला." "तिला सांग, शेणखत आधी." "तिला सांग, डोळा वर, डोळा. उलटं लावलं तर कोंब काय चीनमध्ये निघणार आहे?" मी म्हटलं, अगं ती बहिरी नाही, तूच सांग की. इझाबेलने तोंड फिरवलं. दुपारपर्यंत पोरीचे हात कोपरापर्यंत लाल झाले, खाजवून खाजवून डोळ्यांत पाणी आलं, पण तिने कुदळ खाली ठेवली नाही. इझाबेल उठून घरात गेली, डाव्या हाताने चिंचेच्या कोळाचं भांडं घेऊन आली आणि माझ्या पायाशी ठेवलं. म्हणाली, "हे इथे असू दे." मला काही खाज सुटलेली नव्हती. मी भांडं क्षितिजाकडे सरकवलं. इतकंच. पण मला त्या दिवशी वाटलं, बर्फ कुठेतरी चिरला.

मे महिन्यात आमच्या आळीच्या नाक्यावरच्या क्रूसापाशी रोज संध्याकाळी मरियामातेची माळ होते, म्हणजे जपमाळ घेऊन सगळ्यांनी मिळून प्रार्थना. रोज एका घराची पाळी. त्या घराने क्रूस धुवायचा, फुलांनी सजवायचा, मेणबत्त्या लावायच्या आणि प्रार्थना संपली की सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे. इझाबेलच्या पाळीला सगळी आळी यायची, कारण तिच्या मोगऱ्याने क्रूस नुसता पांढरा व्हायचा. बाजारातलं फूल तिने कधी लावू दिलं नाही.

पाळीच्या दिवशी मी म्हटलं, सजावट मी करते. क्षितिजा म्हणाली, "काकी, मी करू? घराची पाळी आहे ना." मी इझाबेलकडे बघितलं. ती नाही म्हणाली नाही. म्हणाली, "तिला सांग, फूल आपल्या वाडीतलंच पाहिजे. झेंडू आणलान तर मी लावू देणार नाही." मी आनंदाने घरी गेले आणि चणे उकडायला टाकले.

आता त्या पोरीच्या बाजूने बघा. वाडीत गेली तर मोगऱ्याला महिनाभर पाणी नव्हतं. इझाबेलचा हात मोडला तेव्हापासून सगळ्यांना सुरणाचंच पडलं होतं. मोगरा वाळून कोळसा झालेला. जास्वंद चार-दोन, तीही मलूल. आणि फर्डिनंडच्या त्या मागच्या रांगेत तिला ते फूल दिसलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते, सुरणाचं फूल दिसायला वाईट नसतं. परातीएवढं पसरलेलं, कडेला झालर, आत काळपट जांभळा सुरकुतलेला गोंडा. दुपारी ते नुकतं उलगडत होतं, वास अजून सुटलेला नव्हता. नालासोपाऱ्यात तिने सुरण पाहिला तो भाजीवाल्याकडे, फोडी केलेला. तिला वाटलं देवाने आजच्या दिवसासाठीच पाठवलं. तिने ते मुळाशी कापलं, तांब्याच्या घंगाळात ओल्या मातीत बसवलं, भोवती क्रोटनची पानं लावली आणि क्रूसाच्या पायाशी ठेवलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा आळी जमली होती. इझाबेल स्वच्छ लुगडं नेसून माझ्याबरोबर चालत होती. लांबून तिला ते घंगाळ दिसलं आणि ती जागीच थांबली. मीही पाहिलं आणि ओळखलं. क्षितिजा क्रूसाच्या बाजूला मेणबत्ती धरून उभी होती, कपाळावर घाम, तोंडावर असं हसू की आपण काहीतरी नीट केलं. मी पुढे होणार तेवढ्यात बॅप्टिस्टने क्रूसाची खूण करून सुरुवात केली. बॅप्टिस्ट आमच्या आळीचा म्होरक्या, माळ तोच चालवतो, आणि एकदा माळ सुरू झाली की मध्ये कोणी हलत नाही. इझाबेल खुर्चीवर बसली.

माळेतल्या दहा मण्यांचं पहिलं दशक ठीक गेलं. दुसऱ्याला मुलं एकमेकांना कोपरं मारायला लागली. मग एकाने चपलेचा तळ बघितला, दुसऱ्याने गटाराकडे बघितलं. हवा पडलेली, पानसुद्धा हलत नव्हतं, आणि मेणबत्त्यांच्या उबेत ते फूल असं काही उठलं की बायकांचे पदर नाकाला गेले. माश्या आल्या. आळीतल्या मार्सेलची म्हातारी आई उलटी येते म्हणून उठली. तिसऱ्या दशकाच्या मध्येच बॅप्टिस्ट थांबला, वाकून घंगाळात बघितलं आणि म्हणाला, "सुरणाचं फूल. क्रूसाखाली सुरणाचं फूल. कोणी ठेवलं हे?"

सगळ्यांना माहीत होतं कोणी ठेवलं. तिच्याच हातात मेणबत्ती होती. बॅप्टिस्ट तिच्याकडे न बघता म्हणाला, "ज्याला आपला धर्म माहीत नाही त्याच्या हातात क्रूस दिला की असंच होणार." कोणीतरी मागून "बरोबर" म्हणालं. माझं डोकं असं तापलं की हातातलं चण्यांचं पातेलं त्याच्या डोक्यावर उपडं करावं. क्षितिजाचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तिने मेणबत्ती खाली ठेवली आणि बोलायला तोंड उघडलं.

"मी ठेवलं," इझाबेल म्हणाली.

ती उभी राहिली होती. सगळ्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या प्लास्टरकडे.

बॅप्टिस्ट म्हणाला, "तुझा तर हात..."

"दुसरा आहे मला. फर्डिनंडच्या रांगेतलं फूल आहे, मला ठेवावंसं वाटलं, मी ठेवलं. तुला वास सोसत नसेल तर मागे जाऊन बस. माळ अर्धवट टाकायची नाही."

आणि तिने स्वतःच पुढची प्रार्थना सुरू केली, त्या तिच्या आवाजात. कोण उठणार? सगळी आळी तोंडाने श्वास घेत घेत शेवटपर्यंत बसली. तिने एक शब्द घाईने म्हटला नाही, उलट मला तर वाटतं मुद्दाम सावकाश म्हटला. चणे कोणी तिथे खाल्ले नाहीत. रुमालात बांधून घरी नेले.

लोक पांगले. रॉकी कामावरून येऊन मागे उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं. क्षितिजा रडत होती. मी तिला जवळ घ्यायला गेले तेवढ्यात इझाबेल तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"रडतेस काय क्षितिजा? ते उचल आणि खड्ड्यात पूर. आणि उद्यापासून मोगऱ्याला पाणी घाल, मेला सगळा."

ती थेट तिच्याशी बोलली. नाव घेऊन. मला मध्ये कोणी विचारलंसुद्धा नाही. मी पातेलं घेऊन तशीच उभी होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की त्या घाणीतही खोल श्वास घेतला.

जूनमध्ये प्लास्टर निघालं. जायचं नाव कोणी काढलं नाही.

मला वाटलं, झालं, गोड झालं. पण इझाबेल इझाबेल आहे. त्या माळेनंतरच्या पहिल्याच रविवारी चर्चमध्ये मिस्साला क्षितिजा तिच्याबरोबर आली, हात धरायला म्हणून. आमच्या दोन घरांचा एकच बाक. कम्युनियनची, म्हणजे वेदीपाशी जाऊन प्रसाद घ्यायची वेळ झाली, सगळे उठून रांगेत जायला लागले, इझाबेल बसूनच. मी कोपराने ढोसलं. ती हलली नाही. आयुष्यात या बाईने कम्युनियन चुकवल्याचं मला आठवत नाही, तापात चालत आलेली आहे ती.

बाहेर पडल्यावर मी तिला बाजूला घेतलं. आधी सांगेना. मग म्हणाली, "शनिवारी फादरांकडे पापाची कबुली द्यायला गेले होते. सांगितलं, क्रूसासमोर उभी राहून खोटं बोलले. ते म्हणाले, पश्चात्ताप होतो ना? मी म्हटलं, नाही होत."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, एवढ्याशा गोष्टीचं मनावर घेऊ नकोस, कम्युनियनला ये. चांगला माणूस आहे. पण पश्चात्ताप नाही तर पाप फिटलं नाही, मग मी कशी जाऊ? होईल तेव्हा जाईन."

मी तिला म्हटलं, अगं होतोय म्हण आणि मोकळी हो. तिने पदर सावरला आणि घराची वाट धरली. दर शनिवारी ती स्वतःला विचारायची म्हणे. उत्तर तेच यायचं.

पाऊस सरला, भात पिकला, आगेऱ्याचा सण आला. नव्या भाताच्या पेंढ्या घेऊन सगळा गाव चर्चमध्ये, बसायला जागा नाही. तोवर मी क्षितिजाला खरं कारण सांगितलेलं होतं, माझ्या पोटात राहत नव्हतं. कम्युनियनची घंटा झाली. बाकावरचे सगळे उठले, मीही उठले. मागून मला ऐकू आलं, क्षितिजा हळूच म्हणत होती, "आई, मी बॅप्टिस्टकाकांना सांगून टाकते ना, फूल मी ठेवलं होतं म्हणून. मग तुम्हाला जाता येईल."

"गप बस," इझाबेल म्हणाली. "सांगितलंस तर बघ."

मी रांगेत पुढे गेले. प्रसाद घेऊन परत वळले तेव्हा आमचा अख्खा बाक रिकामा होता आणि त्या दोघीच बसलेल्या. इतकी जागा असताना इझाबेल सरकून तिच्या अंगाला अंग लावून बसली होती.